पिशवीला पिशवी

"अर्जंट!!! बी निगेटिव्ह पाहिजे. पेशंट सिरीयस आहे. प्लीज जास्तीत जास्त फॉरवर्ड करा."

असा मेसेज तुमच्या सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या आणि हापिसातल्या जेवणाच्या कंपूच्या ग्रुपवर महिन्यातून दोनदा तरी येत असणार. खाली एक मोबाईल नंबर. तारीख नाही, गाव नाही, कधी कधी हॉस्पिटलचं नावही नाही. मग तिघं जण हात जोडल्याचं चित्र टाकतात, चौथा तो मेसेज आणखी पाच ग्रुपवर ढकलतो, आणि समाजासाठी आज काहीतरी केलं या समाधानात सगळे परत क्रिकेटकडे वळतात. मी एकदा अशा नंबरवर खरंच फोन केला होता. पलीकडचा माणूस म्हणाला, "अहो, माझे वडील बरे होऊन घरी आल्याला चौदा महिने झाले. अजून रोज दोन फोन येतात. काहीतरी करून तो मेसेज थांबवा हो!" :)

हसू आलं तरी विषय हसण्याचा नाही. मेसेज पाठवणाऱ्यावर माझा राग अजिबात नाही, त्याच्या घरचं माणूस आत पडलेलं असतं. राग याचा आहे की त्यातला मूळ प्रश्न कुणीच विचारत नाही: पेशंटच्या नातेवाईकानं रक्त का शोधायचं? २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये लोक ऑक्सिजनचे सिलिंडर शोधत शहरभर फिरत होते, तेव्हा आपण त्याला 'व्यवस्था कोलमडली' असं म्हटलं. बरोबरच म्हटलं. रक्ताच्या बाबतीत तेच दर आठवड्याला होतं आणि त्याला मात्र आपण 'माणुसकी' म्हणतो.

ज्यांच्यावर अजून ही वेळ आलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऑपरेशन ठरलं की रक्तपेढीच्या खिडकीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "डोनर घेऊन या." चार पिशव्या लागणार असतील तर चार माणसं आणा. गट कुठलाही चालेल. म्हणजे तुम्ही आणलेल्या माणसाचं रक्त तुमच्या पेशंटला जाणार नसतंच. ते साठ्यात जातं आणि साठ्यातलं दुसरं पेशंटला मिळतं. याला म्हणतात रिप्लेसमेंट. पिशवीला पिशवी. (जवळच्या रक्ताच्या नातेवाईकाचं रक्त थेट पेशंटला देणं डॉक्टर शक्यतो टाळतातच, त्यातून क्वचित होणारा पण जिवावर बेतणारा त्रास असतो. तेव्हा 'भावाचं रक्त भावाला' हे सिनेमापुरतंच ठेवा.)

आता जरा इतिहास. भारतात एके काळी पैसे घेऊन रक्त देणारे धंदेवाईक लोक सर्रास होते. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे देऊन रक्त घेणं बंद झालं. त्याच निकालातून राष्ट्रीय आणि राज्य रक्त संक्रमण परिषदा उभ्या राहिल्या. २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणात पुढचं पाऊलही लिहून ठेवलं आहे: रिप्लेसमेंट हळूहळू बंद करायची आणि सगळं रक्त स्वेच्छेनं, विनामोबदला देणाऱ्यांकडून मिळवायचं. जागतिक आरोग्य सभेनं तर हेच १९७५ साली सांगितलं होतं. धोरण २००२ चं. त्या वर्षी जन्मलेली पोरं आज आमच्या कंपनीत नोकरीला लागली आहेत, आणि खिडकीवरचं वाक्य अजून तेच आहे!

बरं, रिप्लेसमेंट वाईट का? "त्यात काय बिघडलं, घेतलं तर द्यायला नको का?" असं मला एका मित्रानं विचारलं. ऐकायला न्याय्य वाटतं. म्हणून माझ्या घरातलंच उदाहरण देतो.

माझ्या काकांची बायपास पुण्यात ठरली. महिना मे. काका शेतकरी, सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावातले. खिडकीवरून चार डोनरचा आकडा आला. मी सात आठवड्यांपूर्वीच रक्त दिलं होतं, पुरुषांना दोन वेळांमध्ये ९० दिवस जावे लागतात, म्हणून मी बाद. गावाहून भाड्याच्या गाडीतून पाच माणसं आली. चुलतभावाला सहा महिन्यांपूर्वी कावीळ होऊन गेली होती, बाद. त्याच्या एका मेहुण्याचं बीपी वाढलेलं निघालं, बाद. काकूचं हिमोग्लोबिन ९.८, लागतं १२.५, बाद. (तिचा नवरा आत आणि आपण त्याच्या कामी आलो नाही म्हणून ही बाई दिवसभर रडवेली. रिप्लेसमेंटच्या कुठल्याच हिशेबात हे रडणं धरलेलं नसतं.) दुसरा मेहुणा पास झाला. आणि पाचवा? पाचवा म्हणजे काकांच्या शेतावर काम करणारा गडी.

त्याला कुणी दमदाटी केली नव्हती. "येतोस का रे पुण्याला, मालकांसाठी रक्त द्यायचंय" एवढंच विचारलं होतं. पण त्याला नाही म्हणता येणार होतं का? त्यानं फॉर्मवर 'स्वेच्छेने देत आहे' च्या खाली सही केली. निघताना कुणीतरी त्याच्या खिशात पाचशेची नोट कोंबली, चहापाण्याला म्हणून. चांगल्या मनानंच.

आता तुम्हीच सांगा, १९९८ साली समोरच्या दारानं हाकललेली गोष्ट मागच्या दारानं परत आली की नाही? फरक इतकाच की तेव्हा दलाल असायचा, आता नातेवाईक असतात. आणि ज्याच्या घरी गडी नाही, गाडीभाडं नाही, शहरात मित्र नाहीत, त्यानं काय करायचं? हॉस्पिटलच्या बाहेर अशा माणसाला हेरणारे लोक असतातच. रिप्लेसमेंट सक्तीची केली की त्यांचा धंदा आपोआप चालतो.

दुसरी गोष्ट सुरक्षेची. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते. पण ताज्या संसर्गात सुरुवातीचा काही काळ तपासणीत काहीच दिसत नाही. त्या काळातला एकमेव फिल्टर म्हणजे देणाऱ्यानं फॉर्मवर खरं सांगणं. आता सासऱ्याच्या ऑपरेशनला आलेला जावई, मागे अख्खं सासर उभं असताना, त्या खासगी प्रश्नांची खरी उत्तरं देईल? कुठल्याही प्रोग्रामरला विचारा, इनपुटच दबावाखाली भरलेलं असेल तर पुढचं व्हॅलिडेशन कितीही भारी असून काय उपयोग!

आणि थॅलसेमियाची मुलं. त्यांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, आयुष्यभर. म्हणजे वर्षाला पंधरा-वीस वेळा. त्या आईबापांनी दर वेळी नवा डोनर कुठून आणायचा? दोन वर्षांत नातेवाईक फोन उचलेनासे होतात.

खिडकीपलीकडच्या माणसाची बाजू मी ऐकली आहे आणि ती खोटी नाही. काकांच्या वेळी तिथल्या तंत्रज्ञाला मी बराच वेळ पिडलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, मी नाही मागितलं तर उद्या फ्रीज रिकामा. मग तुम्हीच भांडायला येणार. मे महिन्यात आम्हाला कोण देतं रक्त?"

खरी मेख इथे आहे. महाराष्ट्र रक्तसंकलनात देशातल्या अगदी पुढच्या राज्यांपैकी एक आहे. वर्षाचा हिशेब बघितला तर सगळं छान दिसतं. पण सर्व्हर सांभाळलेल्या कुणालाही माहीत असतं की सरासरी ही फसवी बाई आहे. सर्व्हर पडतो तो सरासरीमुळे नाही, सेलच्या दिवशी रात्री बाराला पडतो. रक्ताचा मे महिना असाच. कॉलेजं बंद, चाकरमानी गावाला, लग्नसराई, ऊन. दिवाळीतही तेच. ऑपरेशनं, अपघात आणि बाळंतपणं मात्र सुट्टीवर जात नाहीत. करोनात याची मोठी तालीम झाली: कॉलेजं आणि आयटी पार्क बंद, म्हणून शिबिरं बंद, आणि डिसेंबर २०२० मध्ये राज्यात काही दिवसांचाच साठा उरल्याचं सांगत सरकारला रक्तदानाचं जाहीर आवाहन करावं लागलं.

आणि बाकीच्या महिन्यांत? फ्लेक्स! साहेबांचा वाढदिवस, भव्य रक्तदान शिबिर, प्रत्येक रक्तदात्यास हेल्मेट अथवा ट्रॉली बॅग. एकाच दिवशी पाचशे-सातशे पिशव्या. फोटो. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वॉर्डात विरोधी साहेबांचं आणखी भव्य. (आमच्या भागात एकदा भेट म्हणून मिक्सर होता. त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या एकानं तरी फॉर्मवर काही खरं लिहिलं असेल का याची मला शंका आहे.)

जरा कल्पना करा, रक्त म्हणजे काही हार्डडिस्कवर टाकून ठेवायचा डेटा नाही. त्याला एक्स्पायरी आहे. एका पिशवीतून लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगळे काढतात. लाल पेशी फ्रीजमध्ये ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लाझ्मा गोठवला तर वर्षभर. प्लेटलेट फक्त ५ दिवस, तेही सतत हलवत ठेवून. आणि हे वेगळं काढण्याचं काम रक्त घेतल्यावर काही तासांत व्हावं लागतं. आता सातशे पिशव्या एका संध्याकाळी आल्या तर किती सेंट्रिफ्यूज मशीन आणि किती माणसं पुरणार? त्यातले प्लेटलेट पाच दिवसांत वापरणार कोण? आणि सहा आठवड्यांनी जेव्हा खरी गरज असते तेव्हा त्या लाल पेशींची तारीख उलटून गेलेली असते. वर त्या सातशे लोकांना पुढचे तीन महिने रक्त देता येत नाही. म्हणजे एका दिवसाच्या फोटोसाठी परिसरातले सगळे तयार डोनर तीन महिने बाद करून टाकायचे. आमच्याकडे कुणी असं रिलीज प्लॅनिंग केलं असतं तर त्याला अप्रेझलमध्ये बघून घेतलं असतं.

आयटी कंपन्यांनी फार शहाणं समजायचं कारण नाही. आमचं शिबिर दर वर्षी त्याच आठवड्यात, टीशर्ट तोच, आणि गर्दी त्याच कारणासाठी: दुपारची मीटिंग चुकते. २०१७ च्या अखेरीस केंद्र सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांना रक्तदानासाठी वर्षातून चार वेळा विशेष रजा लागू केली. ज्यांना आपण 'सरकारी कारभार' म्हणून हसतो त्यांना चार रजा, आणि आपल्याला एक टीशर्ट. असो.

डेंग्यूच्या दिवसांतल्या मेसेजबद्दल एकच सांगतो. प्लेटलेट ऐंशी हजारावर आले की घरातले घाबरतात आणि ग्रुपवर 'एसडीपी डोनर हवा' सुरू होतं. डॉक्टर सांगत असतात की रक्तस्राव नसेल तर साधारण दहा हजाराच्या खाली जाईपर्यंत प्लेटलेट चढवायची गरज नसते. ते ऐका. खरंच लागलेच तर मशीनवर तास-दीड तास बसून एकाच माणसाकडून पुरेसे प्लेटलेट काढता येतात, आणि त्याला ४८ तासांनी पुन्हा देता येतात. तुमच्यापैकी किती जणांनी ते दिलेत? त्या खुर्चीत लॅपटॉप मांडीवर घेता येत नाही, हीच काय ती अडचण.

आता शिबिरांमधली मला सर्वात जास्त खटकणारी गोष्ट. आमच्या सोसायटीच्या शिबिरात माझी वहिनी हौसेनं गेली होती. बोटाला टोचलं, थेंब त्या निळ्या द्रावणात सोडला. ते मोरचुदाचं पाणी असतं. थेंब बुडला तर पास, तरंगत राहिला तर नापास. वहिनीचा तरंगला. "कमी आहे मॅडम, पालक खा, पुढच्या वेळी या." हातात बिस्किटांचा पुडा. आकडा नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. तिच्या आधी चार बायकांचा तरंगला होता आणि नंतर तिघींचा.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतातल्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया असल्याचं निघालं. महाराष्ट्रात ५४.२ टक्के. अर्ध्याहून जास्त! म्हणजे आपण शिबिराच्या नावाखाली सोसायटीतल्या बायकांची फुकट तपासणी करतो, आजार पकडतो, आणि बिस्किट देऊन घरी पाठवतो. बायकाही हसतात, "अगं माझं पण दर वर्षी तरंगतं" म्हणतात आणि दमल्या पायांनी जिना चढतात. आम्ही वहिनीची दुसऱ्याच दिवशी रक्ततपासणी करून घेतली. हिमोग्लोबिन १०.१, शरीरातला लोहाचा साठा जवळपास शून्य. दोन वर्षं ती "थकायला होतं" म्हणत होती आणि घरातले सगळे "लवकर झोपत जा" म्हणत होते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, जेवणाबरोबर चहा बंद करायला सांगितला (हे सगळ्यात अवघड गेलं), मूळ कारण शोधून त्यावरही उपचार केले. पाच महिन्यांनी १२.८. त्या वर्षी तिनं रक्त दिलं.

यंदा मी सोसायटीच्या कमिटीत एक मागणी रेटली आणि वाद घालून पास करून घेतली: निळ्या पाण्यासोबत आकडा दाखवणारं यंत्र आणायचं, आणि नापास झालेल्या प्रत्येकीला आकडा लिहिलेली चिठ्ठी द्यायची. "रक्तदान शिबिरात हे कशाला?" असं सेक्रेटरी काका म्हणाले. त्यांच्याच सूनबाईंचा आकडा ९.४ निघाला. मग गप्प बसले.

दुसरी मागणी अजून अडकलेली आहे. आमच्याकडे २८० फ्लॅट. जानेवारीतल्या शिबिरात एका दिवसात ८६ पिशव्या जमल्या, फोटो काढले, टाळ्या झाल्या. माझं म्हणणं असं की तीच ८६ माणसं वर्षभरात वाटून टाका. महिन्याला सात. सात माणसं म्हणजे दोन गाड्या. शनिवारी सकाळी पोटभर नाश्ता करून जवळच्या रक्तपेढीत जायचं, तासाभरात परत. मंडप नाही, माईक नाही, प्रमुख पाहुणे नाहीत. कमिटीचा आक्षेप नेमका हाच आहे: "मग कळणार कसं लोकांना?"

मी म्हटलं, नाही कळलं तरी चालेल की! तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी गणपती बसवू नका म्हणालो.

माझ्या वयाच्या मंडळींच्या सबबी मला पाठ आहेत. "जिम सुरू आहे, वीकनेस येईल." अरे, शरीरात साधारण पाच लिटर रक्त आहे, घेतात ३५० किंवा ४५० मिली. पातळ भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, पेशी काही आठवड्यांत. त्या दिवशी फक्त डेडलिफ्ट करू नका. "माझा गट तर कॉमन आहे, ओ पॉझिटिव्ह." म्हणूनच तर तो सगळ्यात जास्त लागतो! "मला सुईची भीती वाटते." ही एकच सबब मी मान्य करतो, कारण ती प्रामाणिक आहे. "गरज पडली तर नक्की देईन, कधीही फोन कर." ही सगळ्यात फसवी. तुमच्या मित्राच्या वडिलांना रात्री दोन वाजता जे रक्त चढतं ते काही दिवस आधी कुणीतरी दिलेलं असतं. रात्री दोनला धावत जाऊन दिलेलं रक्त तपासणी होऊन वापरायला मिळेपर्यंत कित्येक तास जातात. तुमचं ते धावणं बहुतेक वेळा उशिराच पोचतं.

बाय द वे, २०१६ पासून ई-रक्तकोष नावाचं सरकारी पोर्टल आहे, त्यावर जवळच्या रक्तपेढ्यांमधला साठा गटानुसार बघता येतो. आकडे नेहमी ताजे असतातच असं नाही, पण पुढचा 'अर्जंट' मेसेज ढकलण्याआधी तिथे बघून एक फोन करायला दोन मिनिटं लागतात. शिवाय रक्त विकत मिळत नाही, घेतात तो प्रक्रियेचा खर्च. २०२२ च्या दरांनुसार लाल पेशींच्या पिशवीला सरकारी ठिकाणी १,१०० आणि खासगीत १,५५० रुपये. कुणी जास्त मागत असेल तर पावती मागा.

कॉलेजचे आम्ही चौघं मित्र गेली दोन वर्षं एक साधा उद्योग करतो. चौघांच्या तारखा मुद्दाम पुढे-मागे ठेवल्या आहेत, म्हणजे साधारण दर महिन्याला एक जण जातो आणि बाकीचे सोबतीला, नंतर मिसळ. प्रत्येकाच्या कॅलेंडरमध्ये ९० दिवसांनी पुढचा रिमाइंडर. यातल्या दोन तारखा मे महिन्यात आणि एक दिवाळीच्या आठवड्यात पडेल अशी पाळी लावली आहे. पहिल्यांदा मे महिन्यात गेलो तेव्हा खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "पेशंट कोण आहे तुमचा?" कुणी नाही म्हटल्यावर त्यांना दोनदा परत विचारावं लागलं, कारण फॉर्मवर त्या रकान्यात काय लिहायचं ते त्यांना सुचेना.

पुढची फेरी मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी साडेनऊला, कोथरूडहून. गाडीत एक जागा रिकामी आहे.